रविवार दुपारचं घर

घर दाखवायचं म्हणजे कुलूप काढून गिऱ्हाइकाला आत सोडायचं, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल दुसरा धंदा बघावा. चावीताईच्या हिशेबात घर सगळ्यात शेवटी. आधी गिऱ्हाइकाला बसथांब्यावर गाठायचं आणि तिथून पायी काढायचं. हे औषधांचं दुकान, अडीनडीला शटर ठोठावलं तरी उघडतात. ही बेकरी, हिचा पाव संध्याकाळपर्यंत उरत नाही. हा दवाखाना, डॉक्टर तोंडाने फटकळ आहे पण हाताला गुण आहे. ही बाग, बाकं कमी पण सावली भरपूर. असं बोलत बोलत दारापाशी येईपर्यंत गिऱ्हाईक मनाने तिथे राहायलाही आलेलं असायचं. मग आत भिंतीला ओल असली काय नि खिडकी लागत नसली काय, माणूस म्हणायचा, चालायचंच.

पर्समध्ये कायम दहा-वीस घरांच्या चाव्या, म्हणून ती चावीताई. ती दिसायच्या आधी ऐकू यायची. पायाला भिंगरी आणि जिभेला हाड नाही. खुर्ची दिली तरी टेकायची नाही, चहासुद्धा उभ्याने घ्यायची, आणि कपात घोटभर चहा शिल्लक असतानाच 'येते हं' म्हणून निघालेली असायची.

तिच्या धंद्याची दुसरी खुबी म्हणजे वेळ. थांब्यासमोरचं घर दाखवायचं ते भर दुपारी, तेव्हा बस कमी असतात. बेकरीच्या मागचं घर पहाटे. भाजल्या पावाचा वास असा सुटतो की पीठ मळायच्या यंत्राची घरघर कानात शिरतच नाही. ज्या घरात नळाला धार नाही ते सकाळी, टाकी काठोकाठ भरलेली असताना. यात खोटं काय आहे, सांगा? एक शब्द खोटा बोलायची नाही ती. कुणी विचारलंच तर खरं सांगायची. फक्त विचारायचं सुचू नये अशा घटकेला माणसाला तिथे आणून उभं करायची.

इतक्या लोकांना घरात बसवलं, पण स्वतः बाई आयुष्यभर भाड्याने. गोदामामागची एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. नवरा रात्रीच्या बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी डबा घेऊन निघायचा, शेजारच्या शहराला जाऊन उजाडता परत यायचा आणि दिवसभर झोपायचा. ती सकाळी बाहेर पडायची. त्यामुळे नवरा-बायकोची गाठ पडायची ती उंबऱ्यात, एकाचा पाय आत आणि दुसऱ्याचा बाहेर. तिचा दीर तर म्हणायचा, "घुबडाने भिंगरीशी लग्न केलं. मुलगी झाली हेच नवल!" मुलगी शिकली, नोकरीला लांब गेली, आणि जाताना आईला म्हणाली, "आई, लोकांची घरं पुरे झाली. आता स्वतःचं बघ."

आणि तिने बघितलं. शाळेच्या पाठीमागे जोडघरांची एक ओळ आहे. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे वाफ्याएवढं अंगण. त्या ओळीतली घरं चावीताईने आजवर कितीदा तरी दाखवली होती, आणि अर्थातच रविवारी दुपारी. झाडं स्तब्ध, रस्ता पुसून ठेवल्यासारखा, एखादी म्हातारी पायरीवर लसूण सोलत बसलेली. "बघा, किती शांत!" असं ती गिऱ्हाइकाला म्हणायची आणि स्वतःही एक दीर्घ श्वास घ्यायची. ओळीतलं कोपऱ्यावरचं घर विकायला निघालं तेव्हा तिने दुसऱ्या कुणाला दाखवलंच नाही. स्वतःच घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, बाईला शाळा माहीत नव्हती का? होती की! पण माहीत असणं निराळं आणि कानात असणं निराळं. इतकी वर्षं तिने तो रस्ता रविवार दुपारशिवाय पाहिलाच नव्हता. जी गोळी ती दुसऱ्यांना देत होती, ती नकळत तिनेही गिळली होती. त्यातून राहायला आले ते सुट्टीच्या दिवसांत. नवरा तेव्हाही कूस बदलत पडायचा, पण ती म्हणाली, नवी जागा आहे, अंगवळणी पडेल.

मग शाळा उघडली.

झोपायच्या खोलीची भिंत आणि शाळेच्या मैदानाची भिंत यांच्यामध्ये मांजर जाईल एवढीच जागा. पलीकडे भोंगा. भोंग्यातून मुख्याध्यापिका. "सरळ उभे राहा! शेवटच्या रांगेतला उंच मुलगा, तुला सांगतेय!" त्यानंतर कवायत, कवायतीनंतर घंटा, घंटेनंतर सगळ्या शाळेचा एकत्र ओरडा. शाळा जरा श्वास घेते न घेते तोच समोरच्या लाँड्रीच्या वरच्या व्यायामशाळेत वजनं जमिनीवर आदळायला लागायची. चावीताई पहिल्या दिवशी दुपारी मुद्दाम घरी आली, तर नवरा पलंगावर छताकडे बघत पडलेला.

"झोपला नाहीत?"

"पडलोय की."

"पडलोय आणि झोपलोय यात फरक आहे."

"मग तूच सांग त्या बाईला, शेवटच्या रांगेतल्या उंच मुलाला माफ कर म्हणावं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

तेव्हापासून चावीताईच्या जिवाला थारा राहिला नाही. तिने जाड पडदे लावले. कपाट ओढून भिंतीला टेकवलं. नवऱ्याच्या कानात कापसाचे बोळे घातले, तर तो म्हणाला, आता माझंच काळीज ऐकू येतंय. पलंग वरच्या खोलीत नेला, तिथे ऊन. खाली आणला, तिथे घंटा. गिऱ्हाइकाबरोबर चालता चालता तिचं लक्ष उडायचं. एकदा बोलण्याच्या भरात दवाखान्याला बेकरी म्हणाली. दुपारी दाखवायची घरं तशीच सोडून ती आपल्याच घरी यायची, चपला हातात घेऊन चोरासारखी आत शिरायची आणि दाराच्या फटीतून बघायची. डोळे उघडे. रोज उघडे.

शेवटी गेली मुख्याध्यापिकेकडे. ती बाई भोंग्यात जितकी करारी, समोर तितकीच मऊ निघाली. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "अहो ताई, तुम्हीच ना लोकांना सांगत फिरता, शाळा अगदी हाकेच्या अंतरावर म्हणून? मग हाक ऐकू येणारच!"

चावीताईचं तोंड एवढंसं झालं. पण मुख्याध्यापिका माणुसकीला जागली. दुसऱ्याच दिवशी भोंगा रस्त्याकडे वळवला, कवायत पलीकडच्या टोकाला नेली. व्यायामशाळेच्या मालकानेही जमिनीवर रबराच्या गाद्या टाकल्या. चावीताईनेच त्याला ती जागा मिळवून दिली होती, तेवढी भीड होती. आवाज निम्म्याहून कमी झाला. पण नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती तशीच राहिली. चावीताई म्हणाली, निम्मा आवाजसुद्धा आवाजच की.

आणि मग एके दिवशी नवऱ्याच्या बसचा कंडक्टर बेकरीत भेटला. वयाने तिच्याएवढाच, साधा गडी. पाव घ्यायला आला होता, पण तिला बघून पैसे द्यायचे विसरला.

"वहिनी, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"साहेबांना झोप मिळतेय ना हो? रात्रभर मला पुढे बोलावून बोलत ठेवतात. गप्प बसलो की म्हणतात, बोल रे, काहीही बोल. आता माझ्याकडे तरी बोलायला उरलंय काय? सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून झालं." तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "परवा मोकळ्या रस्त्यात गाडी उभी केली. पुढे काही नाही, मागे काही नाही. आत माणसं झोपलेली असतात, वहिनी. गाडीभर."

चावीताई तिथून निघाली ती कुठे चाललीय हे न कळता बागेला दोन वळसे घालून आली. तिच्या हौसेपायी हे सगळं झालं होतं. रविवार दुपारचं घर घेतलं, आणि माणूस आठवड्याचे बाकीचे दिवस जळत होता. उद्या त्याला एक डुलकी लागली तर? तो आणि गाडीभर माणसं. आणि हिचं अंगण! काय चुलीत घालायचंय ते अंगण?

घरी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "घर विकायचं."

नवरा उठून बसला. "वेडी झालीस? होईल सवय."

"तुमची सवय व्हायच्या आत माझं काळीज बंद पडेल. गोदामामागं परत खोली बघते. तिथे मेल्यासारखे झोपायचात."

तो काहीतरी म्हणणार होता. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "तुझी मर्जी." त्या रात्री तो कामावर गेल्यावर तिने स्वयंपाकघरात नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. तिथल्या भिंतीचा रंग तिने स्वतः निवडला होता. दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नव्हतं, याचंच तिला केवढं अप्रूप होतं.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. एक नर्स, आईला घेऊन राहायला जागा शोधत होती. चावीताईने तिला बोलावलं. केव्हा, ते सांगायला नकोच.

रविवारी दुपारी नर्स थांब्यावर उतरली. बारीक चणीची, चटपटीत पोरगी, पण डोळे ओढलेले. चावीताईने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. औषधांचं दुकान, बेकरी, दवाखाना. जीभ आपोआप चालत होती, पाय मात्र जड झाले होते. बेकरीवाल्याने टोमणा मारलाच, "काय ताई, आज कुणाचं घर?" ती न थांबता पुढे गेली. बागेपाशी नर्स म्हणाली, "आईला इथे आणून बसवता येईल. मी नसताना तिला चार माणसं दिसतील."

"तुम्ही नसताना म्हणजे?"

"मला रात्रपाळी असते ना. कायमची. दिवसा झोपते मी."

चावीताईला ठेच लागली. खाली दगड नव्हता.

आता कुणी दुसरं असतं तर तिथेच सांगून मोकळं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर बस होती, आणि बसमध्ये झोपलेली माणसं. ही पोरगी नाही म्हणाली तर दुसरं गिऱ्हाईक कधी मिळणार? तोवर काय? ती स्वतःशीच म्हणाली, विचारलं तर सांगेन. विचारू दे तिला.

घराची गल्ली आली. झाडं स्तब्ध, रस्ता रिकामा. नर्सने आपणहून दीर्घ श्वास घेतला. अंगण बघितलं, वरची खोली बघितली, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "रंग छान आहे हो." आणि मग झोपायच्या खोलीच्या दाराशी आली. दार अर्धं उघडं होतं. आत चावीताईचा नवरा पाठीवर पडून मोठ्ठ्याने घोरत होता. घोरणं म्हणजे असं की खिडकीची काच थरथरावी.

नर्स हळूच म्हणाली, "मी विचारणारच होते, दिवसा झोप लागते का इथे. पण यांना बघितल्यावर विचारायचं काय राहिलं?" आणि तोंडावर हात ठेवून खुदकन हसली. "तुमचे मिस्टर पण रात्रपाळीचे?"

"हो."

"मग झालं तर. मला पसंत आहे, ताई. आईला दाखवायची पण गरज नाही."

चावीताईला एक शब्द बोलावा लागला नव्हता. सगळं जमून आलं होतं. मान हलवली की काम फत्ते. तिने त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघितलं. ओढलेले, खालून काळवंडलेले. हे डोळे तिने कित्येक दिवस दाराच्या फटीतून बघितले होते.

"ते आज रविवार म्हणून झोपलेत," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे शाळा आहे. उद्या सकाळी घंटा झाल्यावर या आणि या पलंगावर पडून बघा. मग हो म्हणा."

पोरगी जागच्या जागी थांबली. तिचं हसू मावळलं. "मग मला इतकं चालवलंत कशाला? आठवड्यात एक सुट्टी असते मला. थांब्यावरच सांगायचं होतंत ना."

"चुकलं माझं."

"चुकलं कसलं! मी हो म्हणून बसले असते!" नर्सने चपला सरकवल्या आणि फाटक आपटून गेली. तिचा राग रास्त होता. चावीताई दारात उभी राहून तिची पाठमोरी आकृती वळणापर्यंत बघत राहिली. तिला हुंदकाच यायचा बाकी होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"गेली का?"

ती वळली. घोरणं थांबलं होतं. नवरा टक्क डोळे उघडे ठेवून पडला होता.

"म्हणजे तुम्ही जागे?"

"इतकं छान घोरलो, घसा सुकला, आणि तू सगळ्यावर पाणी ओतलंस."

"सोंग करत होतात?" चावीताईला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण आज शाळा बंद, व्यायामशाळा बंद. काळं कुत्रं नाही रस्त्यावर. आज तरी झोपायचं होतंत!"

तिने पर्स खाली टाकली आणि पलंगाच्या कडेला बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की या पलंगावर दिवसाउजेडी ती कधी बसलीच नव्हती. बाहेर खरोखरच शांत होतं. इतकं शांत की त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो धापा टाकल्यासारखा होता.

"आवाज नाहीच आहे ना हो?" ती हळू म्हणाली. "तुमची झोप आवाजाने जात नाहीये."

नवऱ्याने डोळ्यांवर हात ठेवला. हाताआडून म्हणाला, "एक सायकलवाला होता."

"कोण सायकलवाला?"

"पुलाच्या उतारावर. मला एक पापणीभर डुलकी लागली असेल, जास्त नाही. डोळे उघडले तर तो दिव्यासमोर. मी गाडी अशी काही वळवली... तो खड्ड्यात पडला. उतरून गेलो तर उठून उभा, गुडघा खरचटलेला. आणि मला काय म्हणतो माहितेय? म्हणतो, माफ करा साहेब, माझ्या सायकलला दिवा नव्हता. माझी माफी मागितली गं त्याने. आणि गेला."

"कधी झालं हे?"

"गोदामामागच्या खोलीत असताना. दिवसभर छान झोपून गेलो होतो तेव्हा. म्हणून तर!" तो उठून बसला. "झोप झालेली असताना डोळा लागला, तर मग भरवसा कशाचा ठेवायचा? आता डोळे मिटले की तो दिसतो. मिटायचीच भीती वाटते."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"त्याच सकाळी तू या घराची चावी घेऊन आलीस. खोलीभर नाचत होतीस. तुला असं कधी पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, उद्या सांगू. मग शाळा उघडली, तू शाळेला शिव्या द्यायला लागलीस, मला वाटलं बरं झालं, शाळेवरच जाऊ दे."

चावीताईला इतका राग आला की तिने त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणला. "मी मेले होते का? पडदे शिवले, कपाटं ओढली, त्या बाईच्या पाया पडायची बाकी राहिले, घर विकायला काढलं, आणि तुम्ही इथे पडून गंमत बघत होतात?" आणि बोलता बोलताच ती रडायला लागली. तो तिचं मनगट धरून बसला. दोघंही वेड्यासारखी बसून राहिली, भर दुपारी, घराची सगळी दारं उघडी टाकून.

मग तिने डोळे पुसले. "आज गाडीवर जायचं नाही."

"असं कसं? डेपोत काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते."

"ड्रायव्हरने असं सांगायचं असतं का? परत स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत. नोकरी गेली तर?"

"नोकरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही नका जाऊ."

तो फोन उचलेना, म्हणून तिने उचलला. डेपोतल्या साहेबाने विचारलं, काय झालंय त्यांना, ताप आहे का? हो म्हटलं असतं तर एका वाक्यात सुटका होती. नवराही तिच्याकडे त्याच आशेने बघत होता.

"ताप नाही," चावीताई म्हणाली. "त्यांना गाडी चालवायची भीती वाटतेय, साहेब. कित्येक दिवस झोपलेले नाहीत. आज गाडी त्यांच्या हातात देऊ नका, आणि मी सांगितल्याशिवाय उद्याही देऊ नका."

नवऱ्याने उशीत तोंड खुपसलं आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडायला लागला. पलीकडून साहेब विचारत होता, हॅलो, ताई, कोण रडतंय? तिने एका हाताने फोन कानाशी धरला, दुसरा हात नवऱ्याच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "माझा नवरा रडतोय. त्याला रडू द्या. तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघा."